सत्तावन्न नंबरची चौकट

घोडपदेवच्या देवजी रतन चाळीत मेघना तांबेची ओळख दोन तऱ्हांनी करून दिली जाते. वडीलधारी मंडळी सांगतात, “ही आपल्या तांबे मास्तरांची मुलगी, कॉम्प्युटरवाली.” तिच्या वयाची मंडळी आवाज खाली आणून सांगतात, “जरा जपून बोल हां, डोकं पटकन तापतं तिचं.” दोन्ही खरं आहे. एक्केचाळीस वर्षांची ही बाई घराबाहेर पडताना गॅसचं बटण दोनदा बघते, जिन्यात थुंकणाऱ्याला नावानिशी ऐकवते, आणि कुणी “तुझं बरंय बाई, एसीत बसून बटणं दाबायची” म्हणालं तर त्या माणसाशी आठवडाभर बोलत नाही.

बटणं दाबायचं हे काम तिच्या वाट्याला उशिरा आलं. त्याआधी बारा वर्षं ती गिरगावातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि बारशाची आमंत्रणं जुळवत होती. पडद्यावर मजकूर लावायचा, वर गणपती नाहीतर बुद्धाचं चित्र बसवायचं, नवऱ्यामुलाच्या आत्याचं नाव राहिलं का ते बघायचं आणि प्रिंट द्यायची. पडद्यावर दिसतं तेच कागदावर उतरतं, ही त्या धंद्याची पहिली शिकवण. ती तिच्या हाडात मुरली होती. पुढे लोक फोनवरूनच आमंत्रणं धाडायला लागले आणि छापखान्याला टाळं लागलं. छत्तिसाव्या वर्षी मेघना दादरच्या एका क्लासात पहिल्या बाकावर जाऊन बसली. आजूबाजूची पोरं तिला आधी मॅडम समजून उभी राहिली, मग हसली. ती हसली नाही. वर्षभरात ती वेबपानं बनवायला शिकली. नुसती बनवायला नव्हे, तर पानावरच्या गोष्टी हुकमाने हलवायला, बदलायला, त्यांच्यातून माहिती काढून घ्यायला शिकली. परळच्या एका चष्म्याच्या दुकानाच्या कचेरीत तिला नोकरी लागली. त्यालाही आता तीन वर्षं होऊन गेली आहेत.

ज्या शुक्रवारची ही गोष्ट आहे, तो समजायचा तर आधी चाळीचं सांगायला हवं. चाळ पाडून तिथे टॉवर उठणार हे पंधरा वर्षं नुसतं ऐकू येत होतं. या वर्षी ते खरं व्हायची वेळ आली. घरं वाटणाऱ्या सरकारी कचेरीने अठ्ठ्याऐंशी खोल्यांची अंतिम यादी मागितली. यादीत ज्याचं नाव, त्याचं नवीन घर. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत यादी कचेरीत जमा करायची, नंतर त्यात काना-मात्राही बदलणार नाही. जुनी यादी पंचवीस वर्षांपूर्वीची होती. तिच्यातली निम्मीशिम्मी माणसं वारली होती, काही गावी जाऊन राहिली होती.

चाळीच्या समितीचे सेक्रेटरी दत्ताराम सावंत. वय सत्तर, मिल बंद पडेपर्यंत विणाईखात्यात जॉबर, म्हणजे माग चालवणाऱ्यांवरचे मुकादम. त्यांनी मेघनाला बोलावून सांगितलं, “तू असं काहीतरी करून दे की खाडाखोड नको. माणूस आला, कागद दाखवले, नाव बदललं, झालं.” मेघनाने करून दिलं. एक लांबलचक पान, त्यात अठ्ठ्याऐंशी ओळी. प्रत्येक ओळीत खोलीचा नंबर, त्यापुढे नावाची चौकट, त्यापुढे तारखेची. नावाच्या चौकटीत जुन्या यादीतलं नाव आधीपासून भरलेलं. लोकांनी कागदपत्रं घेऊन यायचं, समितीच्या तिघांनी ती तपासायची, आणि चौकटीतलं जुनं नाव पुसून नवीन टाइप करायचं. नाव बदललं की तारीख आपोआप पडायची. बदलासाठी शेवटचा दिवस होता बुधवार.

तळमजल्यावर समितीची खोली आहे. तिथे एका जुन्या लॅपटॉपवर हे पान दहा दिवस उघडं होतं, एकदाही बंद न करता. दत्तारामांना वाटे, चाललंय ते कशाला थांबवायचं. मागावर उभ्या राहिलेल्या माणसाला चालू माग बंद करायची भीती असते. धागा तुटला की पुन्हा जोडत बसावं लागतं. संध्याकाळी ते पानाखालचं ‘साठवा’ बटण दाबायचे, लॅपटॉपवर नॅपकिन टाकायचे आणि खोलीला कुलूप लावायचे. लॅपटॉपची बॅटरी नावालाच होती. वायर निघाली की तो जेमतेम दोन-तीन मिनिटं तग धरायचा. त्यात चार्जरची पिनही ढिली. ती एका बाजूला दाबून, खाली बसच्या तिकिटाची घडी सारून ठेवलेली असायची.

आता जाईबाई. खोली नंबर सत्तावन्न, वय पंचाहत्तर. मिलमध्ये वाइंडिंगला होती, म्हणजे सुताच्या रिळांवर धागा गुंडाळणाऱ्या बायकांत. खोली तिच्या थोरल्या दिराच्या, दौलत राणेच्या नावावर होती, कारण तो कुडाळहून आधी मुंबईत आला होता. दौलत अठ्ठ्याऐंशी साली नालासोपाऱ्याला गेला. खोलीत राहिले जाईबाई आणि तिचा नवरा शिवा. शिवा वारला, मग दौलतही वारला. मरण्याआधी त्याने हक्कसोड लिहून दिली होती की खोली भावजयीची. दौलतचा मुलगा विकास मात्र म्हणायचा, ती सही बापाची नाहीच. समितीच्या तिघांनी कागद पाहिले, सही पाहिली, साक्षीदारांना बोलावलं आणि बुधवारी दुपारी सत्तावन्न नंबरच्या चौकटीत नाव बदललं. जाई शिवा राणे.

जाईबाईला दुसरं काही वाचता येत नाही. ‘जाई’ एवढंच येतं. चाळीमागच्या विहारात मेघनाचे वडील संध्याकाळी प्रौढांचा वर्ग घ्यायचे. मिलमधले कारकून, पण त्या वर्गामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. तिथे जाईबाई चार महिने गेली, आपलं नाव काढायला शिकली आणि मग मिलमधली पाळी बदलली म्हणून वर्ग सुटला. बुधवारी तिने पडद्यावर बोट टेकवून ते नाव पाहिलं होतं. परत जाताना मेघनाच्या आईला, शांताबाईला, हाक मारून सांगून गेली होती, “तुझ्या घोवान शिकयलेला नाव आज कामाक इला गो.”

शुक्रवारी दुपारी बारा वाजता दत्तारामांनी ‘यादी काढा’ बटण दाबलं, कागद निघाले आणि ते फळ्यावर चिकटवले. तीनपर्यंत कुणाची हरकत असेल तर घ्यायची, मग यादी घेऊन कचेरीत जायचं, असं ठरलं होतं. जाईबाई सकाळपासून फळ्यापाशीच उभी होती. कागद लागल्याबरोबर तिने वरपासून खालपर्यंत शोधलं. मग पुन्हा शोधलं. तिच्या ओळखीचा तो ‘ज’ कुठेच नव्हता.

“माझा नाव खय आसा?” तिने विचारलं.

“आहे गं आजी, बुधवारी नाही का बघितलंस,” दत्तारामांचा मुलगा उन्मेष म्हणाला. हा बँकेत असतो आणि कॉम्प्युटरचं आपल्याला कळतं असं त्याला वाटतं.

“नाय रे. हय नाय.”

उन्मेषने कागद वाचला. सत्तावन्न नंबरपुढे लिहिलं होतं: दौलत गोविंद राणे.

मेघनाचा फोन वाजला तेव्हा ती परळच्या कचेरीत चष्म्याच्या फ्रेमांचे फोटो पानावर लावत होती.

“मेघना, अगं प्रिंटरला काहीतरी झालंय,” दत्ताराम सांगत होते. “पडद्यावर जाईबाई दिसतेय, कागदावर दौलत येतोय.”

“काय येतोय?”

“दौलत. मेलेला माणूस! बारा नंबरलाही तेच, बावीसलाही तेच. पडद्यावर बरोबर, कागदावर जुनं.”

चाळीच्या पानाची एक प्रत तिच्या मशीनवर होती. ती तिने उघडली आणि नावं गोळा करणारी ओळ शोधली. ओळ सापडली, आणि कुठे चुकलं ते तिला दिसलं.

पानावरच्या प्रत्येक चौकटीपाशी दोन गोष्टी असतात. पान घडवताना तिच्या कपाळावर जे लिहून ठेवलं जातं, त्याला या धंद्यात ॲट्रिब्यूट म्हणतात. आणि आत्ता या घडीला चौकटीत जे आहे, ती तिची प्रॉपर्टी. कुणी चौकटीला हात लावला नाही तोवर दोन्ही सारखीच असतात. माणूस आत काही टाइप करतो तेव्हा फक्त दुसरी गोष्ट बदलते; कपाळावरचं होतं तसंच राहतं. मेघनाने खोलीचा नंबर काढायला जी ओळ लिहिली होती ती कपाळावरचं वाचत होती, आणि नंबरापुरतं ते बरोबरच होतं, कारण नंबर कुणी बदलणार नव्हतं. मग तिने तीच ओळ खाली उतरवली, नंबराच्या जागी नाव आणि तारीख घातली, आणि पुढे गेली. दहा दिवस लोक चौकटीत आपापली नावं घालत होते, पडद्यावर ती बघून समाधानाने घरी जात होते, आणि दत्ताराम रोज संध्याकाळी ‘साठवा’ दाबून पंचवीस वर्षांपूर्वीची यादी पुन्हा पुन्हा साठवत होते.

तिने पान तपासलं नव्हतं असं नाही. तपासलं होतं, चौतीस नंबरवर, म्हणजे स्वतःच्या खोलीवर. तिथे वडिलांच्या नंतर आईचं नाव आधीच लागलेलं होतं, बदलण्यासारखं काही नव्हतं. शांता तांबे दिसलं, शांता तांबे छापून आलं. छापखान्यातल्या बाईला एवढी खात्री पुरली होती. आता तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

“मेघना? उन्मेष म्हणतोय, एकदा रिफ्रेश मारून बघूया—”

“नाही!” ती एवढ्या जोरात ओरडली की कचेरीतले सगळे तिच्याकडे बघायला लागले. “काका, त्याला सांगा, हात लावायचा नाही. कुणीच हात लावायचा नाही. रिफ्रेश नाही, बंद नाही, काही नाही. मी येतेय.”

रिफ्रेश केलं असतं तर पान नव्याने उभं राहिलं असतं, कपाळावर लिहिलेल्या नावांसकट. एरवी कधी कधी ब्राउझर टाइप केलेलं लक्षात ठेवतो. पण लॅपटॉप दहा जणांच्या हाताखालचा, कुणाचं नाव कुणाला दिसायला नको, म्हणून मेघनाने तेही मुद्दाम बंद करून ठेवलं होतं. एकतीस खोल्यांची खरी नावं आणि तारखा या घडीला जगात एकाच ठिकाणी होती, त्या उघड्या पानात. पुन्हा टाइप करायची सोय नव्हती. आजची तारीख पडली असती, बुधवारची मुदत उलटून गेली होती, आणि हरकत घ्यायला विकास राणे टपूनच होता.

फोनवरून ओळ सांगावी असं तिच्या मनात आलं. मग एका बोटाने टाइप करणारे दत्ताराम आणि त्यांच्या खांद्यावरून हात घालणारा उन्मेष डोळ्यांसमोर आला, आणि तिने पर्स उचलली. मालकांना एवढंच म्हणाली, “घरी प्रॉब्लेम आहे.” ते काही विचारायच्या आत ती जिन्यावर होती.

टॅक्सी लालबागपर्यंत आली आणि पुलाखाली अडकली. पुढे एक टेम्पो आडवा झाला होता, त्यातून मंडपाचे बांबू रस्त्यावर पसरले होते. मेघनाने घड्याळ पाहिलं, एक वाजून पाच मिनिटं. तिने पुन्हा फोन लावला.

“काका, पिन नीट आहे ना?”

“आहे. तिकीट लावलंय.”

“तिथून हलू नका.”

“हलत नाही गं बाई. पण विकास आलाय. कागदाचे फोटो काढतोय.”

तिने टॅक्सी तिथेच सोडली आणि चालायला लागली. काळाचौकीपर्यंत ती चालत होती, नंतर धावायला लागली. एक्केचाळीसाव्या वर्षी, पंजाबी ड्रेसमध्ये, चपला फटफटवत ती घोडपदेवकडे धावत सुटली, आणि ओळखीच्या दुकानदारांनी “काय झालं गं?” म्हणून विचारलं तरी थांबली नाही. तिला जाईबाईचं तोंड दिसत होतं. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला आपल्या एका आळसापायी नालासोपाऱ्याच्या पुतण्यापुढे हात जोडायला लागतील, या विचाराने तिला रडू फुटत होतं आणि रडायला वेळ नव्हता.

ती समितीच्या दारात पोहोचली तेव्हा खोलीत पंधरा-वीस माणसं होती. दत्ताराम दाराशी कुणाला तरी समजावत होते. लॅपटॉपपुढची खुर्ची उन्मेषने घेतली होती आणि त्याचं बोट वरच्या रांगेतल्या बटणावर टेकलेलं होतं.

“उन्मेष! हात काढ!”

“अगं, एफ फाइव्ह मारतो फक्त. आमच्या ब्रँचला असंच होतं, रिफ्रेश केलं की सगळं व्यवस्थित.”

“तुझ्या ब्रँचला कर. ऊठ.”

तो उठला, थोडा चिडून. मेघना बसली. पडद्यावर सत्तावन्न नंबरची ओळ तशीच होती: जाई शिवा राणे, आणि पुढे बुधवारची तारीख. तिने पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

“आता काय करणार?” विकास भिंतीला टेकून उभा होता. पंचेचाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. “यादी तर लागली. फोटो आहेत माझ्याकडे. लागलेली यादी बदलायची म्हणजे मग कुणीही येऊन कायपण घुसवेल.”

“यादी हरकतीसाठी लागलीय, विकास,” दत्ताराम म्हणाले. “तीनपर्यंत वेळ आहे.”

“मग चूक कुणाची ते सांगा ना. मशीनची का?”

सगळ्यांनी मेघनाकडे पाहिलं. ‘हो, मशीनची’ म्हटलं असतं तर खपलं असतं. चाळीत मशीनवर कुणीही विश्वास ठेवत नाही, त्यामुळे त्याच्यावर खापर फोडणं फार सोपं. शिवाय उद्यापासून जिन्यात लोक काय बोलणार हे तिला ठाऊक होतं. तिने ज्यांना ज्यांना ऐकवलं होतं ते सगळे आता वसूल करणार होते.

“मशीनची नाही,” ती म्हणाली. “माझी आहे. नावं वाचायची ओळ मी चुकीची लिहिली. एकतीस खोल्यांची जुनी नावं छापली गेली. लोकांनी घातलेली नावं या पानात आहेत, ती मी आता काढतेय. दहा मिनिटं द्या.”

कुणीतरी “वा!” म्हणालं. तिने ते ऐकलं आणि गिळलं.

पानाच्या पोटात शिरून थेट हुकूम देता येतो, त्यासाठी एक वेगळी खिडकी असते. मेघनाने ती उघडली. पान हललं नाही. तिने लिहायला घेतलं: सगळ्या ओळी गोळा कर, प्रत्येक ओळीतल्या चौकटींत आत्ता काय आहे ते घे, कपाळावरचं वाचू नकोस. एक कंस राहून गेला आणि खाली लाल अक्षरात चूक आली. मागे बायकांत कुजबुज झाली. लाल म्हणजे काहीतरी गेलं, असं त्यांना वाटलं. मेघना कंस शोधत होती एवढ्यात पडदा एकदम मंद झाला. कोपऱ्यात बॅटरीची खूण तांबडी झाली होती.

तिने खाली पाहिलं. बोर्डात लॅपटॉपची वायर नव्हती. तिच्या जागी एक पांढरा चार्जर होता, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला विकासचा फोन.

“कुणी काढली वायर?”

“मी. दोन टक्केच राहिले होते. ही काय तुमची स्पेशल लाइन आहे काय?” विकास म्हणाला. त्याला माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. चाळीत आजही यावर दोन मतं आहेत.

दत्तारामांनी त्याचा चार्जर उपसून काढला आणि लॅपटॉपची वायर पुन्हा बोर्डात खुपसली. पडदा मंदच राहिला. ओढाताणीत लॅपटॉपकडची पिन निघाली होती आणि तिकिटाची घडी टेबलाखाली कुठेतरी गेली होती. मेघनाने एका हाताने पिन आत सारली. ती लागली, सुटली, लागली, सुटली. दोन्ही हात पिनेला लावले तर टाइप करायचं कशाने?

“सर गो बाजूक,” जाईबाई म्हणाली.

ती इतका वेळ टेबलाच्या टोकाशी उभी होती, कुणाच्या लक्षातही नव्हती. ती खाली बसली, टेबलाच्या पायाला पाठ लावली, आणि अंगठा आणि तर्जनीत पिन धरून हळूहळू कलती केली. एका जागी पडदा उजळला. ती तिथेच थांबली.

“ह्या असा?”

“असंच. आजी, हलू नकोस.”

“तीस वरसां सूत धरलंय. तू तुझा कर.”

मेघनाने कंस घातला. बटण दाबलं. खिडकीत एकाखाली एक ओळी उतरायला लागल्या, नंबर, नाव, तारीख. तिने त्या सगळ्या उचलल्या, एका कोऱ्या फाइलमध्ये टाकल्या, फाइल साठवली. मग बंद केली आणि पुन्हा उघडली, कारण आता तिचा पडद्यावर काडीचा विश्वास उरला नव्हता. बारा बरोबर. बावीस बरोबर. सत्तावन्नवर तिचं बोट थांबलं. जाई शिवा राणे, बुधवार. ती खाली अठ्ठ्याऐंशीपर्यंत गेली आणि पुन्हा वर आली. एकतीसच्या एकतीस नावं होती.

“मिळाली,” ती म्हणाली. “काका, मिळाली सगळी.”

उन्मेषने न सांगता प्रिंटरमध्ये कागद घातले. पहिली पानं निघाली तशी दत्तारामांनी फळ्यावरची यादी टराटरा फाडली आणि नवी लावायला घेतली. एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

“मी हरकत घेणार,” विकास म्हणाला.

“घे की. लिहून दे,” दत्ताराम म्हणाले. “तारीख बुधवारची आहे, हक्कसोड जोडलेली आहे, तिघांच्या सह्या आहेत. तुझ्या बापाची सही मी मिलमध्ये वर्षानुवर्षं बघितलीय, विकास. माझ्यासमोर पगार घ्यायचा तो.”

विकासने नव्या कागदाचाही फोटो काढला. मग हरकतीचा कागद मागितला नाही की कुणाचा निरोप घेतला नाही, खाली मान घालून दारातून निघून गेला.

माणसं पांगायला लागली. जाता जाता एक-दोघांनी मेघनाकडे वळून पाहिलं. काय बोलायचं ते उद्यासाठी राखून ठेवलं असावं. दत्तारामांनी तीननंतर कचेरीत न्यायच्या प्रती पिशवीत भरून ठेवल्या. तेव्हा कुठे मेघनाच्या लक्षात आलं की पडदा अजून उजळलेला आहे. ती वाकली. जाईबाई टेबलाखाली तशीच बसली होती. चिमटीतली पिन जराही हलली नव्हती, आणि अंगठ्याचं नख पांढरंफटक पडलं होतं.

“आजी, सोड आता. झालं काम.”

“कागद दाखय आधी.”

“अगं, झालंय. पडद्यावर बघ, हे काय.”

“पडद्यार बुधवारीच बगलंय मी,” जाईबाई म्हणाली. “माका कागद दाखय, मगे सोडतंय.”

मेघनाने दत्तारामांच्या पिशवीतून प्रत काढली, जमिनीवर जाईबाईशेजारी बसली आणि कागद तिच्यापुढे धरला. सत्तावन्न नंबर कुठे आहे ते तिने सांगितलं नाही. जाईबाईने मोकळ्या हाताचं बोट वरून खाली सरकवत आणलं, ओळीमागून ओळ, घाई न करता. एका ठिकाणी बोट थांबलं.

“ह्यो ज. हेका काना. आणि ह्यी ई.” तिने अक्षरांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. “मास्तरांनी शिकयल्यानी तशीच आसा गो.”

मग तिने पिन सोडली. दोन-तीन मिनिटांनी लॅपटॉप बंद पडला आणि दहा दिवस उघडं असलेलं ते पान गेलं. तिकडे कुणी पाहिलंही नाही. मेघना जाईबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडत होती, आणि जाईबाई एका हाताने तिला थोपटत होती. दुसऱ्या हाताची बोटं अजून उघडत नव्हती.